बार्लीतली संत्र्याची साल

आमच्या सिंगापूरच्या, सेंगकांगमधल्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर होतं. घाबरू नका, तिथल्या नव्या सरकारी इमारतींत ते घरटी असतंच. स्वयंपाकघराला लागून एक कोंदट खोली, जाडजूड भिंती, लोखंडी दार, खिडकीचं नाव नाही. युद्ध झालं तर आत जाऊन बसायचं. युद्ध काही होत नव्हतं, त्यामुळे लोक तिथं बॅगा, जुने पंखे, तांदळाची पोती ठेवायचे. मी तिथं बिअर बनवायचे.

हो, मीच. नवरा नाही. हे सांगितलं की लोक आधी त्याच्याकडे बघून मिस्कील हसायचे, जणू मी त्याची व्यसनं स्वतःच्या अंगावर घेतेय. तो बिचारा दोन घोटांत पेंगायला लागतो. मला प्यायचंही फार वेड नव्हतं. मला वेड होतं आंबवण्याचं. इडलीचं पीठ रात्रीतून पातेल्याबाहेर आलं की सकाळी ओटा पुसताना मी गाणं म्हणायचे. दिवसभर तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून हिशेब जुळवायचे, तिथं काहीही फुगलं की नोकरीवर गदा. मग घरी तरी काहीतरी फसफसू दे की!

हा नाद लावला शेजारच्या अंकलनी. ते रिटायर झालेले चिनी गृहस्थ, आमच्या दाराला दार. त्या सुमारास तिथं घरच्यापुरती बिअर बनवायला नुकतीच परवानगी मिळाली होती. विकायची नाही, स्वतः प्या, पाहुण्यांना पाजा. अंकलनी लगेच सगळं सामान आणलं आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आंटीनं, लगेच ते घराबाहेर काढलं. ते तोटीचं प्लॅस्टिकचं पिंप आलं आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, आणि पिंपामागून अंकल. काकवीसारखा दाट माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा अर्क, गरम पाण्यात विरघळवायचा, गार झाला की यीस्ट टाकायचं, झाकण घट्ट लावायचं. झाकणावर एक छोटी नळी असते, त्यातून हवा बाहेर येते आणि आठवडाभर 'बुडुक, बुडुक' आवाज येत राहतो. मला तो आवाज इतका आवडायचा की ऑफिसातून आल्यावर मी चपला न काढता आधी तिथं डोकवायचे.

आता माझं घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. अंकलनी एकदा मला कुठल्याशा परदेशी गव्हाच्या बिअरचा ग्लास दिला होता. नाकाजवळ नेला तर काय, संत्र्याचा वास! गोड नाही, आंबट नाही, नुसता वास. संत्रं सोलताना साल दुमडली की डोळ्यांत जो फवारा उडतो ना, तो. 'साल टाकतात, आणि थोडे धने,' अंकल म्हणाले. धने! माझ्याकडे धन्यांचा डबा भरलेला होता. म्हटलं, हे आपल्याला जमलंच पाहिजे.

जमलं नाही. पहिल्या खेपेला मी घरात होती ती लिंबंच घेतली आणि आपल्या नेहमीच्या किसणीवर खसाखसा किसली. खालचा पांढरा भागही त्यात उतरला आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखी तोंडं झाली सगळ्यांची. दुसऱ्या खेपेला घाबरून वरवर किसली, तर वासच नाही. तिसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून संत्र्याच्या इसेन्सची बाटली आणली. नवऱ्यानं एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, 'भांडी छान निघतील याच्यानं.' मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि तेवढ्यात जानेवारीत सासूबाई आल्या.

सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या कोथरूडच्या घरात एकट्या राहत होत्या. नवऱ्याचं म्हणणं, आता इकडेच या कायमच्या. तिथं राहायच्या पासचं वगैरे तो बघणार होता, फक्त त्यांनी हो म्हणायचं होतं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. 'येऊन बघते' म्हणाल्या, आणि आल्या ते एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट घेऊनच.

आता मी सांगते ते तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई, जीभ अशी तिखट की ऐकणाऱ्याला चटका बसावा आणि वर हसूही यावं. आमच्या लग्नात माझ्या मावशीनं मानपानावरून कुरकुर केली तेव्हा, 'तुम्हाला साडी बदलून हवी असेल तर माझी घ्या, फक्त मला घरी जायला काहीतरी द्या,' असं म्हणणारी ही बाई. मला त्या आवडायच्या. पण सुनेनं सासूला 'तुम्ही मला आवडता' असं आपल्याकडे कुठं म्हणतात? मी म्हटलं नव्हतं. मुलगा सांगतोय तेवढं पुरे, असं मी धरून चालले होते.

इथं त्यांना करमेना. वॉशिंग मशीनची बटणं वेगळी, गॅसची कळ वेगळी, नात घरी आली की इंग्रजीतून धावणारी. ट्रॉली ओढत रोज खालच्या सुपरमार्केटात जायच्या आणि कोथिंबिरीची किंमत बघून परत यायच्या. 'तुमच्या घरात सगळं जागच्या जागी आहे,' एकदा म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या असं मला वाटलं. पण नंतर भांडी पुसता पुसता पुढे म्हणाल्या, 'मलाच कुठे ठेवायचं ते तेवढं कळत नाही.' मी काहीतरी थातूरमातूर बोलले. रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं.

बिअरचं त्यांना सांगायचं होतं. खरंच होतं. पण त्यांच्या माहेरी-सासरी कुठेच दारूचा थेंब शिवलेला नाही, हे त्या अभिमानानं सांगत. 'तू सांग,' मी नवऱ्याला म्हणायचे. 'पिंप तुझं आहे,' तो म्हणायचा. 'आई तुझी आहे,' मी म्हणायचे. ही चर्चा आम्ही दबक्या आवाजात पंधरा दिवस केली.

शेवटी सांगितलं आमच्या लेकीनं. सहा वर्षांची होती. आजीनं बॉम्ब शेल्टरचं दार उघडून 'हे काय गं बुडबुडतंय?' विचारलं, तेव्हा ही तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, 'आजी, दॅट वन मम्मीज बार्ली, लाह.'

अंकलनीच तिला तसं सांगून ठेवलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. बिअर बार्लीचीच असते. पण सिंगापुरात बार्ली म्हणजे हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मिळणारं ते पांढुरकं गोड पाणी, आणि सासूबाईंच्या लेखी बार्ली म्हणजे सातूच्या जातीतलं, उन्हाळ्यात घ्यायचं, लघवी साफ करणारं थंड औषध. त्यांचा चेहरा एकदम उजळला. 'अगं, मला बोलली नाहीस! बार्ली करतेस घरी? या नोकरीच्या धबडग्यात?' मी तोंड उघडलं. नवरा दाराशी उभा राहून मानेनं नको-नको करत होता. मी तोंड मिटलं.

मग चिनी नवं वर्ष आलं आणि संत्री आली.

तिथली रीत अशी, की भेटायला जाताना दोन छोटी संत्री दोन्ही हातांनी द्यायची. समोरच्यानंही मग आपली दोन द्यायची, फिटंफाट. शेजारच्या आंटी अशीच दोन संत्री एका बशीत घेऊन आल्या. नेमक्या दारात सासूबाई. आता आपल्याकडे शेजारणीची बशी रिकामी परत करतात का? सासूबाईंनी त्यात दोन बेसनाचे लाडू ठेवून बशी परत पाठवली. आंटींना वाटलं, आपल्यावर उपकार झाले. दुसऱ्या दिवशी बशीत चार संत्री. सासूबाईंनी चिवडा पाठवला. तिसऱ्या दिवशी पिशवी! एकमेकींची भाषा दोघींना ओ की ठो कळत नव्हती, पण कुणीही हार मानायला तयार नाही. त्यात माझ्या ऑफिसातली, नवऱ्याच्या ऑफिसातली संत्री. आमच्या घरात टीव्हीवर, कपाटावर, एक गादीखाली सोडलं तर सगळीकडे संत्री होती.

आम्ही खात सुटलो आणि सासूबाई साली गोळा करत सुटल्या. एकही साल कचऱ्यात जाऊ देईनात. तिथली हवा दमट, साली वाळायच्याऐवजी बुरशी धरायला लागल्या. मग त्यांनी चमच्यानं आतला पांढरा भाग खरवडून काढला, नुसती केशरी पातळ साल परातीत पसरली आणि परात फ्रिजच्या मागे सरकवली, तिथं गरम हवा येते म्हणून. महिनाभरात कुरकुरीत वाळलेल्या सालींनी एक मोठी काचेची बरणी गच्च भरली. झाकण उघडलं की अख्ख्या घरात वास.

'आई, कशाला हे?' मी विचारलं.

'उटण्याला. दिवाळीच्या.'

माझे कान टवकारले. दिवाळी! दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चमध्ये बाई दिवाळीच्या उटण्याची तयारी करतेय, या घरात! मी मुद्दामच सहज विचारल्यासारखं विचारलं, 'म्हणजे यंदा इथं घरचं उटणं?'

'इथं कुठे? पुण्याला नेणार. तिकडे अशी पातळ सालीची संत्री मिळत नाहीत. बॅगेत जागा ठेवलीय मी.'

मी 'बरं' म्हटलं आणि बॉम्ब शेल्टरमध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी मी नवा माल्ट शिजवला, धने असे कुटले की खलबत्ता खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. साल टाकलीच नाही. मनच लागत नव्हतं. म्हटलं, साधीच होऊ दे.

आठवड्यानं, शनिवारी सकाळी, मी आणि अंकल बाटल्या भरायला बसलो. झाकण काढलं आणि मी किंचाळले. पिंपात पांढरं काहीतरी तरंगत होतं.

'रॅट,' अंकल म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

उंदीर नव्हता. मलमलच्या फडक्याची पुरचुंडी होती, दोऱ्यानं नीट गाठ मारलेली. माझ्या ओरडण्यानं सासूबाई आल्या. हात पदराला पुसत, चेहऱ्यावर अपराधीपणा आणि जरासा रुबाब.

'मीच टाकलीय. ओरडू नकोस. चार दिवस झाले.'

'आई, काय आहे यात?'

त्या जवळ आल्या आणि अंकलना मराठी येत असल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाल्या, 'अगं, तुझी बार्ली नासली. आंबूस वास यायला लागला होता. तुला ऑफिसच्या गडबडीत कळलंच नसणार. उद्या कुणासमोर ठेवलीस तर तुझी फजिती व्हायची. टाकवेना मला, एवढं पिंपभर. म्हणून साली घातल्या, वास झाकला जाईल. फडकं दहा मिनिटं उकळून घेतलंय हो, आणि हातही धुतले होते.'

'किती साली घातल्या?'

'अख्खी बरणी.'

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. महिनाभर खरवडून, फ्रिजमागे वाळवून, पुण्याला न्यायच्या म्हणून जपलेल्या साली, माझी फजिती होऊ नये म्हणून या बाईनं पिंपात टाकल्या होत्या, आणि मला सांगितलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले. अंकलना वाटलं, बिअर वाया गेली म्हणून मी रडतेय. त्यांनी घाईघाईनं तोटीतून थोडी ग्लासात घेतली, हुंगली, चाखली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत चाखली.

मीही चाखली. अहो, काय सांगू! तोच फवारा. डोळ्यांत उडणारा. कडवटपणा जिभेवर जेमतेम टेकायचा आणि मागून धने. तीन पिंपं मी वाया घालवली होती आणि चौथं सासूबाईंनी नासलेली बार्ली सुधारायला म्हणून जमवून टाकलं होतं.

'सुधारली का?' त्यांनी विचारलं.

'सुधारली,' मी म्हटलं. त्यापुढचं काही बोलायची हिंमत झाली नाही.

मग त्या हटूनच बसल्या. बाटल्या भरायच्या तर मीही मदत करणार म्हणाल्या. अंकलकडे बाटल्यांना बूच बसवायचं एक यंत्र होतं, दोन दांड्यांचं. दांड्या खाली दाबल्या की 'टक्' असा आवाज होऊन पत्र्याचं बूच घट्ट बसायचं. सासूबाईंनी ते हातात घेतलं ते शेवटच्या बाटलीपर्यंत सोडलं नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, नात एकेक बूच हातात देतेय, आणि टक्, टक्, टक्. 'हे काम छान आहे गं,' म्हणाल्या. मध्येच एकदा विचारलं, 'बार्लीला असली बाटली कशाला?' 'टिकते,' नवरा म्हणाला आणि पळाला. त्या दिवशी जेवताना त्यांनी पहिल्यांदा बॅगेचा, तिकिटाचा विषय काढला नाही. माझ्या मनात आलं, आता खरं सांगितलं तर हे सगळं जाईल. गप्पच बसावं. त्या जातील तेव्हा जातील, निदान हसत जातील.

त्या वर्षी गुढीपाडवा रविवारी आला. गुढीला काठी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता, तिथं घरोघरी कपडे वाळत घालायचे बांबू असतात. खिडकीबाहेर ते आडवे खोचायची सोय असते. सासूबाई म्हणाल्या, आडवी गुढी म्हणजे काय टॉवेल आहे का? मग नवऱ्यानं ती खिडकीच्या जाळीला उभी बांधली. जेवायला अंकल-आंटींना बोलावलं होतं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ.

नैवेद्याचं ताट वाढताना सासूबाई फ्रिजकडे वळल्या. 'आपली बार्लीही ठेवूया वाटीभर.'

'नको!' मी एवढ्या जोरात म्हटलं की भाजीत कालथा पडला. 'आई, नैवेद्याला ताजं लागतं ना. ती किती दिवसांची आहे.'

'हो, तेही खरं,' म्हणाल्या. मी देवाची मनातल्या मनात माफी मागितली. वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! मी पाहुण्यांच्या पुऱ्यांचं पीठ मळत होते तेवढ्यात बाहेरून 'टक्-फस्स' असा आवाज आला. पळत गेले तर सासूबाईंनी चार बाटल्या उघडून ट्रेमध्ये ग्लास मांडले होते आणि स्वतःच्या हातांनी भरत होत्या. वर पांढराशुभ्र फेस. काठापदराची साडी, नाकात नथ, कपाळावर अक्षता, आणि इंग्रजीत अंकलना सांगतायत, 'माय डॉटर-इन-लॉ मेड इट. बट ऑरेंज पील इज माइन.' अंकल दोन्ही हातांनी ग्लास घेऊन म्हणतायत, 'व्हेरी गुड, व्हेरी शिओक,' म्हणजे एकदम झक्कास. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, मी अजून विचारलेलं नाही.

आणि मग सासूबाईंनी शेवटचा छोटा ग्लास भरला आणि नातीपुढे धरला. 'घे गं राणी. थंड असतं, पोटाला बरं.'

'तिला नको!' मी झेप घेऊन ग्लास काढून घेतला. निम्मा माझ्या साडीवर सांडला.

'अगं, असं काय करतेस? बार्लीनं काय होतंय तिला?'

सगळे माझ्याकडे बघत होते. आता गत्यंतरच नव्हतं.

'आई, ती बिअर आहे.'

सासूबाईंनी हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग ट्रेकडे. मग खिडकीतल्या गुढीकडे. मग हळूच बाटली खाली ठेवली.

'म्हणजे पाडव्याच्या दिवशी, नथ घालून, मी लोकांना दारू वाढली.'

आंटींना काहीच कळलं नव्हतं, त्यांनी हसून ग्लास उंचावला. सासूबाई वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून गेले.

त्या कढईपाशी उभ्या राहून पुरी लाटत होत्या. तेल तापलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'दारूचं मी नंतर बघते. आधी सांग, कुणाकुणाला माहीत होतं?'

'सगळ्यांना.'

'त्या अंकलना?'

'हो.'

'आंटीला?'

'हो.'

'पोरीला?'

'नाही, तिला खरंच बार्ली वाटते.'

'म्हणजे सहा वर्षांची ती, आणि मी.' त्यांनी पुरी तेलात सोडली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. 'मशीन लावायचं तर तुम्हाला विचारून, गॅस लावायचा तर विचारून. एक काम मला वाटलं, माझं आहे. त्यात मला हौस आली होती गं. आणि तुम्ही सगळे मागे हसत होता.'

'हसत नव्हतो! आई, देवाशपथ, मी हसत नव्हते. भीत होते मी.'

'कशाला भ्यायचं? मी काय मारते?'

'तुम्ही निघून जाल म्हणून.'

'जाणारच आहे मी. तिकीट आहे माझं.'

'जाऊ नका.'

त्यांचा झारा थांबला.

'तो म्हणतो म्हणून म्हणतेस?'

'तो म्हणतो ते वेगळं. मी म्हणतेय, जाऊ नका. मला हव्या आहात तुम्ही इथं. तुम्ही या घरात आल्यापासून मला ऑफिसातून घरी यायची घाई होते. पूर्वी मी त्या पिंपासाठी पळत यायचे. आता तुम्ही दिवसभरात कुणाला काय बोललात ते ऐकायला येते.' एवढं बोलून मी ढसाढसा रडायला लागले. साडीवर बिअर, हाताला कणीक, नाक वाहतंय. अगदी बघण्यासारखं ध्यान.

'कधी बोलली नाहीस,' त्या म्हणाल्या.

'तुम्ही कधी विचारलं नाहीत.'

'सासूनं विचारायचं असतं होय हे?' असं म्हणून त्यांनी पुरी उलटली. टम्म फुगली होती. ती निथळून ताटात ठेवली, पदराच्या टोकानं माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि मग दुसरीकडेच बघत म्हणाल्या, 'चांगली झालीय का खरंच? साल लागतेय?'

'आई, तीन वेळा केली मी. तीनदा वाया गेली. या खेपेला पहिल्यांदा जमली, आणि ती तुमच्यामुळे.'

त्यांनी ओट्यावरचा माझा ग्लास उचलला. प्यायल्या नाहीत. आजतागायत प्यायलेल्या नाहीत. नुसता नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. 'पहिल्या आंघोळीचा वास येतोय,' म्हणाल्या. ग्लास खाली ठेवला. मग फळीवरची ती काचेची बरणी काढली. धुऊन पुसून पालथी घातलेली होती. ती उलटीसुलटी करून बघितली, जणू तळाशी एखादी साल राहिली असेल.

'अख्खी बरणी गेली माझी. दिवाळीला आता काय मैदा चोळू अंगाला?' मी काही बोलणार तोच विचारलं, 'ती संत्री परत कधी येतात?'

'चिनी नव्या वर्षाला. जानेवारी-फेब्रुवारीत.'

त्यांनी बोटांवर महिने मोजले. गणिताच्या बाई, पण दोनदा मोजले. 'म्हणजे या दिवाळीला विकतचं उटणं. संत्री यायची फेब्रुवारीत, साली वाळायला महिना, ते उटणं पुढच्या दिवाळीला. आणि तुझ्या त्या पिंपालाही लागणार, ते वेगळंच.' सुस्कारा सोडला. 'थांबणं आलं.'

तेवढ्यात दारातून आमची लेक, दोन्ही हात कमरेवर ठेवून, ठसक्यात म्हणाली, 'आजी! सुपरमार्केट ऑल्सो हॅव, व्हॉट! एव्हरी डे हॅव!'

मी डोळे वटारले, पण बाण सुटला होता. सुपरमार्केटात बारा महिने संत्री असतात हे मला माहीत होतं. रोज ट्रॉली घेऊन त्याच फडताळासमोरून जाणाऱ्या सासूबाईंनाही माहीत होतं. परवाच तिथून अर्धा डझन आणली होती आणि एक सोलून मला दिलं होतं. साखरेसारखं गोड.

सासूबाईंनी नातीकडे वळूनही बघितलं नाही.

'ती आंबट असतात,' म्हणाल्या, आणि पुढची पुरी तेलात सोडली.